शॅम्पेन: तुमची आवडती कोणती, आणि बाटलीच्या पाठीवरचं लेबल वाचता का?

लेबलवाचक (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदुरात आमचा एक छोटा कट्टा आहे. कुणाचा मुलगा, कुणाची सून परदेशातून आली की ड्यूटी फ्रीतून एखादी शॅम्पेन येते आणि कुणाच्या तरी गच्चीवर सगळ्यांच्या साक्षीने फोडली जाते. माणशी सूट दोन लिटरची. म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि वर अर्धा लिटर हळहळ. त्यामुळे कोणती आणायची यावर घरच्या लग्नासारखी चर्चा होते.

गेल्या बैठकीत दोन आल्या होत्या. एक जॅकसाँ घराण्याची, ७४२ नंबरची. तिच्या पाठीवर सगळी कुंडली मांडलेली: मुख्य सुगी (मिश्रणातली बरीचशी द्राक्षं ज्या सालची) २०१४ ची, साखर किती घातली, साका म्हणजे तळाचा यीस्टचा गाळ कधी काढला. दुसरी एका भल्यामोठ्या नावाची. तिच्या पाठीवर आनंदाचे क्षण, फुलांचा दरवळ वगैरे कविता, माहिती शून्य. चव दोन्हींची झकास. पण पहिलीबद्दल आम्ही तासभर बोललो आणि दुसरीबद्दल "मस्त आहे" यापलीकडे कुणाला काही सुचेना.

माझं म्हणणं असं की साका काढल्याची तारीख प्रत्येक बाटलीवर सक्तीची हवी. शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते आणि मेलेल्या यीस्टच्या साक्यावर पडून राहते. साल न छापलेलीला नियमाने किमान १५ महिने तळघरात काढावे लागतात, त्यातले १२ साक्यावर. साल छापलेलीला तीन वर्षं. साका काढून शेवटचं बूच बसलं की तिचा पुढचा प्रवास सुरू. तो सहा महिन्यांपूर्वी सुरू झाला की सहा वर्षांपूर्वी, हे गिऱ्हाइकाला कळू नये? वीस रुपयांच्या दह्याच्या पाकिटावरसुद्धा तारीख असते!

तर आवडती शॅम्पेन सांगा, आणि लेबलाने तुम्हाला कधी काही फायदा झाला का तेही सांगा.

ता. क. कुठे मिळेल, केवढ्याला मिळेल हे इथे विचारू नका. धागा उडेल.

शिप्राकाठ (उज्जैन)

आमच्या गावात १ एप्रिल २०२५ पासून दारूची दुकानंच बंद. मी फक्त लेबलं वाचणार. लिहा तुम्ही, बसलोय.

बडोद्याची_वहिनी

शिप्राकाठ, या या, पंगतीला जागा आहे. आमचं गुजरात तर १९६० साली जन्मलं तेव्हापासून कोरडं.

माझा छंद वेगळा. शॅम्पेनच्या बुचावर तारेच्या जाळीखाली पत्र्याचं गोल झाकण असतं, ती मी जमवते. धाकटी बहीण फ्रान्सात असते, ती पाठवते. त्यात थेंबभरही दारू नसल्याने कायदा काही म्हणत नाही, सासूबाई मात्र म्हणतात. व्हव्ह क्लिकोच्या झाकणावर खुद्द त्या विधवाबाईंचा चेहरा आहे. देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात ठेवलंय, बिचाऱ्या सासूबाई कुणी संतीण समजतात.

काडेपेटी

लेबलवाचक, तुझं दहीच तुझ्या विरोधात जातं. तारीख छापली की लोक ती एक्स्पायरी समजणार. शार्ल हाइडसिकने नव्वदच्या दशकात बाटली तळघरात ठेवल्याचं साल लेबलावर टाकलं, तर लोक त्याला व्हिंटेज, म्हणजे द्राक्षांच्या सुगीचं साल, समजायला लागले. माहिती दिली की शहाणपण येतं हा भाबडेपणा आहे.

आवडती? समोरचा पाजेल ती.

नाशिकचा_मळेकरी

दिंडोरी तालुक्यात द्राक्षं पिकवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

साका काढतात कसा ते आधी. बाटल्या तोंड खाली करून थोड्या थोड्या फिरवत नेतात, म्हणजे सगळा साका मानेत येऊन बसतो. मग फक्त मान उणे २७ अंशांच्या आसपासच्या द्रावणात बुडवतात. साक्याचा बर्फाचा खडा होतो. टोपण काढलं की आतल्या पाच-सहा वातावरणांच्या दाबाने खडा फटकन बाहेर. जेवढी वाइन गेली तेवढी जागा वाइन आणि साखरेच्या मिश्रणाने भरतात. यालाच डोसाज म्हणतात. ब्रूट, एक्स्ट्रा ब्रूट वगैरे गोडीच्या पायऱ्या ठरतात त्या इथे.

लेबलावरचा पहिला चकवा इथेच आहे. ब्रूटमध्ये साखर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी. एक्स्ट्रा ब्रूटमध्ये ६ पर्यंत. आणि एक्स्ट्रा ड्राय? १२ ते १७, म्हणजे ब्रूटपेक्षा गोड! आमच्याकडे एका पाहुण्याने मधुमेह आहे म्हणून मुद्दाम एक्स्ट्रा ड्राय मागवली होती.

दुसरी गोष्ट. लेबलाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत दोन अक्षरं आणि एक नंबर असतो. एनएम असेल तर द्राक्षं विकत घेऊन बनवणारं घराणं, मोठी नावं बहुतेक यातच. आरएम म्हणजे स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची स्वतः बनवणारा शेतकरी. सीएम म्हणजे सहकारी संस्था. एमए दिसलं तर ते विकत घेणाऱ्याच्या नावाचं लेबल, एखाद्या सुपरमार्केटचं वगैरे. आत कुणाचा माल आहे ते तो नंबर शोधल्याशिवाय कळत नाही. मी शेतकरी असल्याने माझं मत आरएमला. एग्ली-ऊरिए माझी सर्वांत आवडती. साक्यावर किती महिने होती आणि साका कधी काढला, दोन्ही छापतात.

तारखेचा मान मात्र एका एनएमलाच द्यावा लागेल. ब्रुनो पायार १९८३ पासून पाठीवर तारीख छापतोय. तेव्हा त्याचं घराणं जेमतेम दोन वर्षांचं होतं.

पोहेजिलेबी

मळेकरीदादा, दंडवत. वाचनखूण साठवली.

लेबलवाचक

बाय डिफॉल्ट सहमत. काडेपेटी, उत्तर दे आता.

काडेपेटी

देतो की. आरएम म्हणजे चांगली हा नवा अंधविश्वास आहे. स्वतःच्या मळ्यातली द्राक्षं असूनही भिकार शॅम्पेन बनवणारे शेतकरी आहेतच. आणि क्रूगसारखं नामांकित घराणं एनएम आहे. त्या दोन अक्षरांवरून तू क्रूग नाकारणार का? सांग, मी येतो तुझ्या वाट्याची प्यायला.

नाशिकचा_मळेकरी

क्रूग नाकारायला मी काय वेडा आहे? ती अक्षरं दर्जा सांगत नाहीत, बनवणारा कोण ते सांगतात. बरं झालं तू क्रूगचं नाव काढलंस. त्यांच्या पाठीवर सहा आकडी आयडी असतो. पहिला आकडा तिमाहीचा, पुढचे दोन सालाचे, म्हणजे बूच कधी बसलं ते तिथल्या तिथे कळतं. आकडा त्यांच्या साइटवर टाकला की पुढची गोष्ट. ग्रांद क्युव्हे या त्यांच्या मिश्रणाची १६८ वी आवृत्ती ११ वेगवेगळ्या सालांतल्या १९८ वाइन मिसळून केलेली. सर्वांत तरुण २०१२ ची, सर्वांत म्हातारी १९९६ ची. सांग, हे कळल्यावर घोट जरा सावकाश घेतला जातो की नाही?

काडेपेटी

घोट सावकाश घेतला जातो तो किमतीमुळे.

पोहेजिलेबी

हसून हसून पुरेवाट

पलासियाची_पाटी (इंदूर)

लेबलाचा फायदा विचारलात, मी लेबल न दिसल्याचा मनस्ताप सांगते. वाढदिवसाला एक चांगली ब्रूट भेट आली, भारतातच घेतलेली. त्या घराण्याची तारीख पाठीवर डाव्या कोपऱ्यात खाली असते हे मला माहीत होतं. पाहते तर आयात करणाऱ्याचं पांढरं स्टिकर नेमकं तिथेच डकवलेलं! एमआरपी, आयातदाराचा पत्ता, वैधानिक इशारा, सगळं ठळक, आणि ज्याच्यासाठी डोळे लावून बसले ते खाली गाडलेलं. नखाने खरवडलं तर खालचं लेबलही निघायला लागलं. शेवटी हेअर ड्रायर लांबून धरून, फक्त कोपरा गरम करत, इंच-इंच सोलून काढलं. खाली फ्रेंच महिना आणि साल. बाटली साका काढून सहा वर्षांची झालेली होती. एवढ्या वर्षांत ती कुठे उभी होती, एसीत की माळव्याच्या मे महिन्यात, देव जाणे.

उघडली तेव्हा बुडबुडे मंद, रंग सोनेरीकडून तांबूसकडे, वास सुक्या जर्दाळूचा. वाईट मुळीच नव्हती. पण मला ताजी, लिंबासारखी तरतरीत हवी होती. तारीख आधी दिसली असती तर ती मी दिवाळीच्या फराळाऐवजी पनीरच्या जेवणासोबत काढली असती.

निवृत्त_अबकारी

पाटीताई, स्टिकर कुठे लावायचं ते आम्ही ठरवत नव्हतो एवढं आधीच स्पष्ट करतो. नाहीतर पुढचा प्रतिसाद मला शिव्यांचा येणार.

आयात मालावर एमआरपी, आयातदार आणि इशारा कायद्यानेच लागतो. ते स्टिकर गोदामात भराभर चिकटवलं जातं. हात चालवणाऱ्या पोराला खाली फ्रेंचमध्ये काय लिहिलंय त्याच्याशी घेणंदेणं नसतं, त्याला सपाट जागा हवी असते. वर राज्याचा होलोग्राम वेगळा. माझ्या नोकरीत बाटल्या हजारोंनी पाहिल्या, पण पाठीमागचा मजकूर वाचणारा माणूस पाहिला नाही. तुम्ही लोक वेगळेच दिसता.

अवांतर: यशवंतराव होळकरांनी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून १९३० च्या दशकात बांधून घेतलेला माणिकबाग महाल आठवतो का? त्या काळातलं जगातलं सर्वांत आधुनिक फर्निचर तिथे होतं. १९८० साली मोनॅकोत लिलावात गेलं. आणि आता त्या महालात कस्टम्स आणि केंद्रीय कराचं कार्यालय आहे. तुमच्या बाटल्यांवरचा कर हा शब्द कानी पडला की मला तीच वास्तू डोळ्यांसमोर येते.

लेबलवाचक

काका, हे भारी आहे. जिथे महाराजांच्या पार्ट्या व्हायच्या तिथे बसून आता आपल्या बाटलीचा हिशेब होतो.

जयविलास (ग्वाल्हेर)

होळकरांचं नाव निघाल्यावर शिंद्यांकडून गप्प कसं बसणार! आमच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून चांदीची छोटी आगगाडी फिरते. डब्यांवर स्फटिकाच्या सुरया. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू. त्या सुरयांवर लेबल नाही. कुणाची बिशाद होती तारीख विचारायची!

काडेपेटी

जयविलास +१. खरा रसिक गाडीची वाट बघतो, लेबल बघत नाही.

पोहेजिलेबी

धागा पार भलतीकडे भरकटायच्या आत कुणीतरी शॅम्पेनवर या.

माळवी_गराडू (इंदूर)

मी येतो ना भिया. तुम्ही लोक सालं आणि महिने मोजून राहिले, सोबत खायचं काय ते कुणी बोलतच नाही.

हिवाळ्यात इंदूरच्या सराफा बाजारातला गरम गराडू (आमच्याकडचा कंद) घ्या. दोनदा तळलेला, बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. वरून मसाला थोडा कमी आणि लिंबू जास्त टाकायला सांगा. आणि थंडगार ब्लाँ द ब्लाँ, म्हणजे नुसत्या शार्दने या पांढऱ्या द्राक्षांची. तळणाचा सगळा तेलकटपणा धुऊन निघतो. दुसरा घास पहिल्यासारखाच लागतो. भुट्ट्याच्या किसाला मात्र ती नको. दुधाचा गोडवा असतो त्याला, समोर कोरडी, म्हणजे बिनगोडाची, शॅम्पेन आंबट लागायला लागते. किसासोबत थोडी गोडसर, डेमी-सेक. ती साखरेची पट्टी मळेकरीदादांनी सांगितली ना, ती माझ्या उपयोगाची. तारीख-बिरीख तुमची तुम्हाला लखलाभ.

माझी आवडती: पिएर गिमोने. क्वी नावाच्या गावची, शार्दनेची माणसं आहेत ती.

पलासियाची_पाटी

गराडू, सराफ्यात बाटली घेऊन बसणार आहेस का? ;)

माळवी_गराडू

ताई, गराडू पार्सल मिळतो. घरी आणून पुन्हा एकदा कढईत सोडायचा. हलके घ्या.

ट्यूबलाइट

लेबलाच्या वादात एक गोष्ट राहिली: दुकानातला उजेड. पारदर्शक काचेच्या बाटलीतली शॅम्पेन ट्यूबलाइटखाली पडून राहिली की तिला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. लुई रोडररची क्रिस्टल १८७६ साली रशियाच्या झारसाठी पारदर्शक, सपाट बुडाच्या बाटलीत बनवली गेली. आजही ती पिवळसर सेलोफेनमध्ये गुंडाळून येते ते याचसाठी. तो कागद घरी आणल्यावर लगेच काढणाऱ्यांना माझा निषेध.

रोडररचीच कलेक्शन मालिका माझी आवडती. २४२ पासून सुरू झाली. १७७६ साली घराणं स्थापन झालं तेव्हापासूनचं २४२ वं मिश्रण, मुख्य सुगी २०१७. २४३ म्हणजे २०१८. एकदा हिशेब कळला की लेबलावर साल नसलं तरी अडत नाही.

लेबलवाचक

हेच, हेच! जॅकसाँचंही तसंच. ७२८ म्हणजे २००० ची सुगी, मग दर वर्षाला एक आकडा पुढे. लहान मुलालाही मोजता येतं. आता काडेपेटी म्हणेल की लोक गोंधळतात.

काडेपेटी

लोक गोंधळतात.

गंमत सोडा, एक खरी अडचण मांडतो. युरोपात ८ डिसेंबर २०२३ नंतर बनलेल्या वाइनवर घटक आणि पोषणमूल्यं द्यावी लागतात, आणि बरंचसं क्यूआर कोडमागे टाकायची मुभा आहे. म्हणजे उद्या तुम्ही गच्चीवर बाटली घेऊन बसणार आणि सगळे मोबाइल काढून कोड स्कॅन करणार. कॅलरी बघणार. एकाला रेंज नाही. बाटली गरम होतेय. हीच का तुमची माहिती?

निवृत्त_अबकारी

या मुद्द्यावर मी काडेपेटीच्या बाजूने. छापलेलं ते छापलेलं. कोडमागचं पान उद्या कंपनीने बदललं तर तुम्हाला कळणारही नाही.

पलासियाची_पाटी

मान्य. म्हणूनच तारीख शाईने हवी, माणसाच्या डोळ्याला दिसेल अशी, आणि स्टिकरच्या तावडीतून वाचेल अशा जागी. काही घराणी बुचावर किंवा काचेवरच कोड कोरतात, तो आपल्याला वाचता येत नाही तो भाग वेगळा.

नाशिकचा_मळेकरी

लेबल नसेल तेव्हाची एक युक्ती सांगतो, आणि ही काडेपेटीलाही आवडेल कारण त्यात वाचायचं काही नाही. उघडल्यावर बूच नीट पाहा. साका काढून थोडेच महिने झालेले असतील तर बूच बाहेर पडताक्षणी खालून फुगतं, परकरासारखं पसरतं. बरीच वर्षं बाटलीत दाबलं गेलेलं बूच तसंच राहतं, सरळ, बारीक, खुंटीसारखं. फुगायची ताकदच उरत नाही त्यात. पाटीताई, तुमच्या त्या बाटलीचं बूच आठवतंय का?

पलासियाची_पाटी

आठवतंय काय, टेबलावर आहे! आत्ता उठून बघितलं. अगदी खुंटी. खालचा भाग वरच्या टोपीच्या निम्मा. तारीख दिसलीच नसती तरी हे सांगून गेलं असतं, पण उघडल्यावर कळून उपयोग काय.

काडेपेटी

हे आवडलं. बुचाला जाहिरात करता येत नाही.

आता खरं उत्तर देतो, नाहीतर लेबलवाचक मला धाग्यातून हाकलेल. आवडती: बोलिंजरची स्पेशल क्युव्हे. साठ टक्के पिनो न्वार ही काळी द्राक्षं, भरदार, सुक्या मेव्याची. आणि त्यांचीच आर. डी., १९५२ च्या सुगीपासून निघते, सगळा खेळ साका उशिरा काढण्याचा, आणि तारीख लेबलावर. तर तारखेला माझा विरोध नाही. तारीख वाचून चव ठरवण्याला आहे.

बडोद्याची_वहिनी

शेवटी गाडी वळणावर आली म्हणायची.

लेबलवाचक

मग एक प्रयोग करू. एकाच घराण्याची एकच ब्रूट, दोन वेगळ्या तारखांची. एक जुनी माझ्याकडे तळमजल्यावर आहे, ताजी जानेवारीत भाचा आणेल. दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, काडेपेटीने आंधळेपणाने चाखून सांगायचं कोणती जुनी. बूच आधी दाखवायचं नाही.

काडेपेटी

मंजूर. पण तापमान नीट ठेवा, आठ-दहा अंश. बर्फासारखी थंड दिलीत तर कुणालाच काही कळणार नाही, आणि मग हरल्याचं खापर माझ्यावर. आणि उघडताना बूच धरून बाटली फिरवा, उलटं नाही. मागच्या वेळी तुमच्या गच्चीवर अर्धी बाटली शेजाऱ्यांच्या तुळशीला गेली होती.

निवृत्त_अबकारी

मी साक्षीला येतो. गुंडाळलेल्या बाटल्या उघडायचा अनुभव आहे मला.

माळवी_गराडू

जानेवारी म्हणजे गराडूचा ऐन मोसम. पार्सल माझ्याकडे.

शिप्राकाठ (उज्जैन)

मी इंदूरपर्यंत येऊ शकतो. बसने. गाडी घेऊन येणार नाही.

बडोद्याची_वहिनी

दोन्ही झाकणं फेकू नका. चाकूने उचकटू नका, पत्रा वाकतो. कुरियरचा खर्च माझा.